मुक्कामांची सनावळी

सडक अर्जुनी परिसरात हलका धान निघाला, भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरू लागली, की रस्त्याकडेला भटक्यांची पाले पडतात. तिथे बोलायला बसल्यावर ‘गाव कोणतं?’ हा प्रश्न मी आधी विचारत नाही. सरकारी अर्ज तिथूनच सुरू होतो आणि माणूस गप्प होतो.

२०११ च्या जनगणनेत देशभर सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले. पालातला माणूस मात्र स्वतःला बेघर म्हणत नाही. त्याचे बिऱ्हाड त्याच्यासोबत असते.

त्याच्या आठवणींना सन नसतो, मुक्काम असतो. एका आजीबाईंनी थोरल्याचा जन्म सांगितला तो असा : “कोहमाऱ्याले होतो, धान निसवला होता.” म्हणजे भाद्रपद-आश्विन. साल त्या वर्षीच्या पुरावरून किंवा दुष्काळावरून काढायचे.

एवढा खटाटोप दाखल्यासाठी. भटक्या-विमुक्तांना जातीच्या दाखल्याकरिता २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. दाखल्यावाचून मुक्त वसाहत योजनेतले घर नाही. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. तोवर काही जमातींची हजेरी सरकारच घेत होते, आणि आता पुरावा त्यांच्याच नातवंडांकडे मागते!

म्हणून मी आधी मुक्कामांचा क्रम लिहून घेतो. मग त्या त्या गावची कोतवाल पंजी, शाळेची दाखल-खारीज नोंदवही पाहता येते. भटकंतीत शाळेचे नाव क्वचितच निघते. वाटेत कुणी दगावले असेल, तर त्या मरणाची नोंद बहुधा कामी येते.