हिवाळ्यातील बुटके गाढव

मराठीत ‘गाढव’ म्हणा की कन्नडात ‘कत्ते’ म्हणा, दोन्ही भाषांत ती शिवीच होते. आपल्या सीमाभागात निदान या एका बाबतीत तरी एकमत आहे! परंतु ज्याला आपण निर्बुद्ध ठरवतो, त्याच्याविषयी आपल्याला कितीशी माहिती असते? ‘गाढवाला काय होतंय?’ ही समजूत थंड देशांत त्या मुक्या जिवाच्या प्राणावर बेतू शकते.

सिसिली व सार्डिनिया या भूमध्य समुद्रातील बेटांवर गाढवांची एक बुटकी जात आहे. १९२९ साली न्यूयॉर्कचे शेअर दलाल रॉबर्ट ग्रीन यांनी त्यांतील काही गाढवे अमेरिकेत नेली. वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळला तेच हे साल. बाजार कोसळला, पण ही जात मात्र तेथे रुजली. खांद्यापाशी ३६ इंचांहून अधिक उंची नसलेली ही जनावरे आता बर्फाळ प्रांतांतही हौसेने पाळली जातात.

अडचण येथेच आहे. गाढवाचे पूर्वज आफ्रिकेच्या कोरड्या, उष्ण प्रदेशातले. हिवाळा आला की घोड्याच्या अंगावर दाट केस येतात. गाढवाच्या केसांत तेवढा फरक पडत नाही आणि त्यांतून पाणी लवकर आत झिरपते. कोरडी थंडी ते बऱ्यापैकी सोसते. पण भिजलेले अंग आणि वरून वारा, हा मारा त्याला सोसवत नाही. म्हणून पहिली गरज निवाऱ्याची. तीन बाजूंनी बंद व वाऱ्याकडे पाठ केलेले छप्पर आणि खाली कोरड्या काडाचा जाड थर एवढे पुरते. मात्र ऊब राहावी म्हणून गोठा हवाबंद करू नये. मूत्राच्या उग्र वायूने फुप्फुसे बिघडतात.

दुसरी गोष्ट चाऱ्याची. थंडीत धान्य, खुराक जास्त द्यावा असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात काड व वाळलेले गवत मोठ्या आतड्यात आंबताना उष्णता निर्माण होते. हीच गाढवाची शेगडी! धान्याचा अतिरेक झाल्यास चरबी वाढते व खुरांना वेदनादायक सूज येते. येथे स्वस्त तेच हितकर, हे अर्थशास्त्र लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तिसरी गोष्ट पाण्याची. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला नाथांनी गंगेचे पाणी पाजले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बर्फाळ प्रदेशात हौदातले पाणी गोठते, गार पाणी गाढव कमी पिते, आणि कोरडा चारा पोटात अडकून जीवघेणा पोटशूळ उठतो. म्हणून कोमट पाणी द्यावे.

म्हाताऱ्या, आजारी गाढवाला आणि शिंगराला झूल घालावी. पण ओल्या अंगावर कधीही नाही. रोज झूल काढून बरगड्यांवरून हात फिरवावा, कारण दाट केसांखाली आलेले रोडपण डोळ्यांना दिसत नाही. निसरड्या वाटेवर वाळू पसरावी, चिखलाने खूर कुजू नयेत म्हणून ते स्वच्छ करावेत, आणि मोकाट कुत्र्यांपासून राखण करावी. सोबतीला दुसरे गाढव असलेले बरे. एकटेपणाने हा प्राणी खंगतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गाढव दुखणे दाखवत नाही. ते नुसते मान खाली घालून उभे राहते, चारा टाकते. लोक त्याला आळस म्हणतात. जाणकार त्याच दिवशी पशुवैद्याला बोलावतात. चारा तुटलेल्या गाढवाच्या रक्तात चरबी साचून ते थोड्या दिवसांत दगावू शकते.

आपल्या बेळगावात बर्फ पडत नाही हे खरे. पण आषाढ-श्रावणातला पाऊस आणि वारा आपल्या परिचयाचा आहे. विटा-वाळू वाहून संध्याकाळी मोकळे सोडलेले गाढव त्या पावसात उघड्यावर उभे असते. त्याला हौसेची झूल नको. डोक्यावर एक पत्रा आणि पायांखाली कोरडी जागा मिळाली तरी पुष्कळ झाले.

(बी. कॉम., भाग २)