पत्रिकेवरून मुलाची बुद्धी कळते का?

शिरूर-दौंड भागातल्या वस्त्यांवर बाळांची वजनं घ्यायला जातो, तेव्हा एखादी आई हमखास बाजूला घेऊन विचारते, “सिस्टर, पोरगं दोन वर्षांचं झालं, अजून बोलत नाही. पत्रिका दाखवली. अडीच वर्षांनी ग्रह बदलेल म्हणतात. तवर थांबू का?”

पत्रिका आपण कधीच मागे टाकली, असं आपण सभेत सांगतो. पण पोर मागे पडलं की घाबरलेली आई कुणाचंही दार वाजवते. तिला हसून चालणार नाही. “अमक्याच्या पोराचं खरं ठरलं” हे तिने कानांनी ऐकलेलं असतं. म्हणून प्रश्न असा विचारू या: खरं ठरलं ते ज्ञानामुळे की योगायोगाने, हे ओळखायचं कसं?

याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलं. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी मिळून एक चाचणी घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेली मुलं यांच्या जन्मवेळा घेऊन पत्रिका तयार केल्या. नावं काढून टाकली, पत्रिका एकमेकींत मिसळल्या. भाग घेणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० पत्रिका दिल्या. काम एकच: कोणती पत्रिका हुशार मुलाची आणि कोणती नाही, एवढं सांगायचं.

आता एक नाणं घ्या. पत्रिका न बघता नुसतं नाणं उडवून “छापा म्हणजे हुशार” असं लिहीत गेलं, तरी ४० पैकी साधारण २० उत्तरं बरोबर येतात. कधी १७, कधी २३. म्हणजे “माझी २० बरोबर आली” यात काहीच विशेष नाही. म्हणून संख्याशास्त्र सुरुवातीला असं धरून चालतं की पत्रिकेतून काही कळत नाही, उत्तरं नाण्यासारखीच येणार. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग आलेला निकाल नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता किती, ते मोजायचं. ती फारच कमी निघाली, तरच शून्य गृहीतक सोडायचं. नाणं उडवून ४० पैकी २८ किंवा जास्त बरोबर येणं हजारात आठ वेळाच घडतं. कुणी २८ आणले असते, तर आपल्याला थांबून विचार करावा लागला असता.

५१ ज्योतिषांनी तयारी दाखवली, उत्तरं पाठवली २७ जणांनी. सरासरी निम्म्याच्याही खाली आली. सगळ्यांत जास्त गुण होते २४. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या, तिची १०२ बरोबर आली. नाण्याने १०० आणली असती. हा निकाल २००९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात छापून आला.

कुणी म्हणेल, २४ आणणाऱ्याला तरी काही येत असेल. हिशोब करू. २४ किंवा जास्त बरोबर येणं नाण्यालाही शंभरात तेरा वेळा जमतं. २७ जणांनी नाणं उडवलं, तर तिघा-चौघांचे २४ किंवा वर जाणारच. वस्तीत ज्याची गोष्ट पसरते, तो यांतलाच असतो. बाकीच्यांची चूक कुणी सांगत फिरत नाही.

एक लक्षात ठेवा. या चाचणीने “पत्रिकेत कधीच काही नसतं” असं सिद्ध केलं नाही. बुद्धी ओळखता येते, या दाव्याला पुरावा मिळाला नाही, एवढंच ती सांगते. पण दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो.

हाच नियम आम्हालाही लागू. वॉर्डात असताना पौर्णिमेच्या रात्री बाळंतपणं जास्त होतात, असं आम्ही सगळ्या सिस्टर छातीठोक सांगायचो. रजिस्टर उघडून अमावस्येच्या रात्री कधी मोजल्या नव्हत्या. “हे टॉनिक दिलं आणि पोर बोलायला लागलं” असं सांगणाऱ्यालाही तेच विचारा: टॉनिक न दिलेली किती पोरं त्याच वयात बोलली? मानसशास्त्रातले प्रयोग म्हणूनच दोन गट करून होतात. कुणी कोणत्या गटात जायचं ते चिठ्ठी टाकून ठरतं, आणि किती फरक पडला तर मानायचा, हे आधीच लिहून ठेवतात.

आणि त्या आईचं काय? ग्रह बदलायची वाट बघण्यात जातो तो वेळ परत मिळत नाही. बाळाला जन्मतः थायरॉईड कमी असेल आणि पहिल्या काही आठवड्यांत गोळी सुरू झाली, तर बुद्धीचं नुकसान बरंचसं टळतं. उशीर झाला तर ते भरून येत नाही. ऐकू कमी येणारं पोरही बोलत नाही. त्याची आधी कानाची तपासणी हवी.

म्हणून नऊ महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचं चालत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर थांबू नका. अंगणवाडीताईला किंवा आशाताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत मुलांची तपासणी मोफत होते आणि गरज असेल तर पुढे पाठवतात.

आणि सासूबाईंनो, सुनेला बोल लावू नका. पोर मूळ नक्षत्रावर जन्मलं म्हणून मागे पडलं नाही, आणि त्यात तिचा काही दोष नाही. तिच्यासोबत दवाखान्यात चला.