मधुमेह आणि पुरुषांचे हार्मोन : लाज नको, रक्ततपासणी करा

मधुमेह म्हटला की आपल्याला डोळे, किडनी, हृदय आणि पायाच्या जखमा आठवतात. पण टाईप-२ मधुमेह असलेल्या अनेक पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोनही कमी झालेले असते. यावर रुग्ण बोलत नाही आणि ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरही विचारत नाहीत. अमेरिकेतील बफेलो येथील डॉ. संदीप धिंडसा, डॉ. परेश दंडोना आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०३ मधुमेही पुरुषांपैकी ३३ टक्के जणांमध्ये ही कमतरता आढळली होती.

असे का होते? पोटावर साठलेल्या चरबीतील अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. शिवाय शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, तेव्हा मेंदूतून वृषणांकडे जाणारा हार्मोनचा संदेशही मंदावतो. टेस्टोस्टेरॉन घटले की स्नायू कमी होतात, चरबी वाढते आणि साखर आटोक्यात ठेवणे आणखी अवघड होते. हे दुष्टचक्र आहे.

सततचा थकवा, उदासी, लैंगिक इच्छा कमी होणे ही त्याची लक्षणे. आपल्या समाजात यालाच 'मर्दानगी' गेली असे समजतात. मग कुणी दारू जवळ करतो, कुणी घरात चिडचिड करतो, मूल होत नसेल तर बोल मात्र बायकोला लागतो. काही जण भिंतीवरची जाहिरात वाचून भोंदू वैद्याकडे जातात. अशा चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ असू शकते आणि त्याने साखर आणखी वाढते.

खरा मार्ग सोपा आहे. लक्षणे असतील तर डॉक्टरांना सांगून टेस्टोस्टेरॉनची रक्ततपासणी करावी. ती सकाळीच करायची असते. प्रमाण कमी आले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात. वजन कमी केल्यास अनेकांचे टेस्टोस्टेरॉन वाढते. इंजेक्शन किंवा जेल डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. त्याने शुक्राणू घटतात. म्हणून मूल हवे असणाऱ्यांनी ते आधीच सांगावे. प्रोस्टेटचा कर्करोग असल्यास तर विशेष सावधगिरी हवी.

लिंगाच्या ताठरतेची तक्रार मात्र केवळ हार्मोनमुळे नसते. मधुमेहाने रक्तवाहिन्या आणि नसा खराब झाल्यानेही ती होते. कधी कधी ती हृदयविकाराची आगाऊ सूचना असते. म्हणून ती लपवणे जिवावर बेतू शकते.

वस्तीतील आरोग्य शिबिरात आपण साखर तपासतो. तिथेच पुरुषांना एकांतात दोन प्रश्न विचारण्याची सोय केली, तर अनेक घरांतील अबोला सुटेल.