बाबांची येझदी आणि न उतरणारी रेस

कुटुंबाच्या पानावर मोटारसायकलच्या कार्बोरेटरचे काय काम, असे कोणी विचारील. पण आपल्या वस्त्यांमधून एकदा फिरून पाहा. इंदोरा असो, पाचपावली असो, कुठल्या तरी घरापुढे ताडपत्रीखाली एक जुनी गाडी उभी असतेच. कोणाकडे राजदूत, कोणाकडे येझदी, एखाद्याकडे बुलेट. कोणाच्या तरी वडिलांनी पगारातून कापून कापून ती घेतलेली असते. भंगारवाला येऊन भाव विचारतो आणि घरातली म्हातारी त्याला दारातूनच परत पाठवते.

आमच्या घरी अशीच १९७९ सालची येझदी आहे. बाबा एम्प्रेस मिलमध्ये मागावर होते. १८७७ साली सुरू झालेली ही मिल १९८६ मध्ये सरकारने चालवायला घेतली आणि २००२ मध्ये ती कायमची बंद पडली. मिल चालू होती तेव्हाच, १९८५ मध्ये, बाबांनी पतपेढीचे कर्ज काढून ही गाडी सेकंड हँड घेतली. आम्ही टाकीवर, धाकटी बहीण मध्ये आणि आई मागे, असे सारे कुटुंब त्या एका गाडीवर बसून दीक्षाभूमीला जात असे. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी नावाने या गाड्या काढत होता, तो १९९६ मध्ये बंद झाला. २०२२ मध्ये येझदी हे नाव पुन्हा बाजारात आले, पण त्या गाड्या वेगळ्या, फोर-स्ट्रोक. किक आणि गिअर एकाच दांडीवर असलेली, दोन सायलेन्सरची आणि पेट्रोलातच ऑइल टाकून चालणारी ती आमची जुनी येझदी.

बाबा गेल्यानंतर गाडी पाच-सहा वर्षे उभीच होती. आमचे चिरंजीव आयटीआयला गेले आणि त्यांनी ती २०२४ च्या दिवाळीनंतर सुरू केली. घरात आनंद झाला. पण आठवडाभरातच रेस वाढू लागली. गाडी थंड असताना ठीक चाले. एकदा का तापली की अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडला तरी इंजिन कोकलत राही. एका संध्याकाळी कडबी चौकाकडे येताना मुलाने रेस सोडली, पण गाडी उतरेना. टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक आधीच कमी, त्यात हे ओढणे. समोर भाजीचा ठेला घेऊन एक बाई रस्ता ओलांडत होत्या. पोराने क्लच दाबून दोन्ही ब्रेक लावले. गाडी आडवी झाली, गुडघा फुटला. बाईंना काही झाले नाही, एवढेच नशीब. त्या रात्री पत्नी म्हणाली, "उद्या भंगारवाल्याला बोलवा." आई काहीच बोलली नाही. ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी जवळच्या गॅरेजमध्ये नेली. तिथल्या तरुण मिस्त्रीने रेसचा स्क्रू बाहेर काढला. मग गाडी सकाळी सुरूच होईना. पुन्हा स्क्रू आत. मग नवा कार्बोरेटर बसवा म्हणाला, तोही बसवला. क्लार्कच्या पगारात तो खर्च जाणवतो. दोन दिवसांनी रेस पुन्हा तिथेच.

शेवटी कामठी रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी आधी हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिले. हँडल वळवताना रेस वाढली तर केबल आखूड किंवा चुकीच्या वाटेने नेलेली असते. केबलला थोडी ढील हवीच. मग रेस सोडल्यावर कार्बोरेटरचा पिस्टन टपकन खाली बसतो का, ते कानाने ऐकले. चोक उघडा राहिला नाही ना, तेही पाहिले. आमच्याकडे डिसेंबरच्या थंडीत चोक ओढला जातो आणि परत ढकलायचे लक्षातच राहत नाही, म्हणून हे पहिल्यांदा पाहावे. या सगळ्यात दोष नव्हता.

मग काकांनी बोटावर जाड ग्रीस घेतले आणि कार्बोरेटर जिथे सिलिंडरला नटांनी जोडलेला असतो त्या सांध्याभोवती लेप दिला. रेस खटकन खाली आली.

"हे पाय बाबू," ते मुलाला म्हणाले, "गाडी चोरून हवा पिऊन रायली."

त्यांचे म्हणणे आम्हाला असे समजले. कार्बोरेटर पेट्रोल आणि हवा मापून देतो. एक भाग पेट्रोलाला वजनाने साधारण पंधरा भाग हवा. सांध्यातून मापाबाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होते आणि इंजिन जास्त फिरू लागते. थंड असताना इंजिनला थोडे जाड मिश्रण लागते, म्हणून तेव्हा फरक कळत नाही, तापल्यावर कळतो. रेसचा स्क्रू कितीही फिरवला तरी ही हवा त्याच्या हातात नाही. आणि खरी भीती पुढे आहे. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलाबरोबरच येते. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, वर पातळ मिश्रण गरम जळते, आणि एके दिवशी भर रस्त्यात पिस्टन सीझ होऊन मागचे चाक जाम होते. आम्ही ज्याला त्रासदायक आवाज समजत होतो तो हा इशारा होता. (हीच परीक्षा काही जण सांध्यावर पेट्रोल शिंपडून करतात. तापलेल्या इंजिनावर असे कधीही करू नये.)

हवा शिरली कशी? कार्बोरेटरचे तोंड वाकडे झाले होते. काकांनी ते काचेच्या तुकड्यावर ठेवून दाखवले, मधून उजेड दिसत होता. नट एका बाजूने करकचून आवळले की ॲल्युमिनियमची ती पट्टी वाकते. कोणी आवळले होते? नवा कार्बोरेटर आल्यावर "घट्ट बसू दे" म्हणत पान्यावर जोर देणारे आम्हीच होतो. मुलगा आमच्याकडे पाहत राहिला, पण बोलला नाही. काकांनी काचेवर पॉलिश पेपर पसरून तोंड हळूहळू घासून सपाट केले, नवे पॅकिंग घातले आणि नट थोडे या बाजूने, थोडे त्या बाजूने आवळले.

रेस निम्मी उतरली. पण पूर्ण नाही.

"आता सील पायतो," काका म्हणाले. येझदीच्या क्रँकला दोन्ही बाजूंना ऑइल सील असते. डावीकडचे, क्लचच्या बाजूचे फुटले तर इंजिन गिअरचे ऑइल ओढते, सायलेन्सरमधून धूर निघतो आणि ऑइल कमी होत जाते. उजवीकडचे, डायनॅमोच्या बाजूचे फुटले तर धूर नाही, डाग नाही, फक्त हवा आत जाते. डायनॅमो उघडला तर सील दगडासारखे कडक झालेले. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत रबर असेच होते. सील स्वस्त निघाले, मेहनत मात्र दिवसभराची. आधीच्या मिस्त्रीने बदललेला कार्बोरेटर, तेव्हा, निर्दोष होता. जुनाही निर्दोष होता.

सेटिंग काकांनी मुलाकडून करून घेतले. गाडी चांगली तापवायची. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत, मग दीड फेरा बाहेर. तिथून पाव-पाव फेरा इकडे-तिकडे फिरवून इंजिन सर्वांत सुरळीत फिरेल ती जागा शोधायची आणि मग रेसचा स्क्रू कमी करायचा. एक गोष्ट लक्षात ठेवा. हा स्क्रू एअर क्लीनरच्या बाजूला असेल तर तो हवा मापतो, आत फिरवला की मिश्रण जाड होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मापतो आणि सारे उलटे होते. जेट साफ करायला सुई किंवा तार कधी घालू नये, भोक मोठे झाले की नवे जेटच घ्यावे लागते. हवेच्या प्रेशरने फुंकावे. पॉइंटचे टायमिंग पुढे सरकले असले तरी रेस चढते, तेही एकदा पाहून घ्यावे.

आणखी एक नवी अडचण. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओलावा ओढते, जुन्या रबराला फुगवते आणि त्याच जेटवर मिश्रण थोडे पातळच करते. म्हणून काकांनी सांगितले की गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे फ्लोटच्या वाटीत पेट्रोल उरत नाही.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी देण्याचा नियम केला आहे. आमची त्या वयाला २०२९ मध्ये पोहोचेल. पण तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला नाही. आम्हाला ती रोज चालवायची आहे, तेव्हा तो मान सध्या नको.

"जय भीम" करून निघताना काकांना पैसे विचारले. त्यांनी सील, पॅकिंग आणि एका दिवसाची मजुरी सांगितली, वर एक रुपया नाही. मुलाला म्हणाले, सुट्टीच्या दिवशी येत जा. तो दर रविवारी जातो.

घरी आलो तेव्हा आई ओट्यावर होती. मुलाने गाडी उभी केली आणि रेस सोडली. इंजिन हळूहळू धप-धप करत राहिले, बाबांच्या वेळी करायचे तसे. आईने पदर सावरला, मागच्या सीटवर हात ठेवला आणि विचारले, "मले बसता येईन का रे अजून?"