पोकळी राखण्याची विद्या

कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजवणाऱ्या बायकांना एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. सोऱ्यातून पडताना जाडजूड, लुसलुशीत दिसणारी कुरडई दोन उन्हे खाल्ली की आक्रसते आणि काटकीसारखी कडक होते. पाणी गेले, हे तर खरेच. पण पाणी मुकाट्याने जात नाही; जाता जाता घराच्या भिंती आत ओढून घेते. कुरडईचे त्यात काही बिघडत नाही, उकळत्या तेलात पडली की ती पुन्हा फुलते. पण ज्या पदार्थाचे सारे मोल त्याच्या आतल्या पोकळीतच आहे, त्याने काय करावे?

हा प्रश्न सॅम्युअल किस्लर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने मनावर घेतला. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये ते होते. जेलीतला द्रव काढून घ्यायचा आणि जेलीचा आकार मात्र जसाच्या तसा ठेवायचा, अशी त्यांची आणि एका सहकाऱ्याची पैज लागली होती, असे सांगतात. पैजेचे खरेखोटे काहीही असो, १९३१ साली 'नेचर'मध्ये त्यांनी ते करून दाखवल्याचे जाहीर केले. सिलिकाच काय, जिलेटिन, आगर, अंड्याचा पांढरा बलक यांच्याही हवेने भरलेल्या जेली त्यांनी बनवल्या. त्यांना नाव मिळाले एरोजेल.

अडचण कुठे होती, ते पाहू. जेल म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या माळांचे जाळे, आणि त्या जाळ्याच्या पोकळ्यांत अडकलेला द्रव. वाळताना प्रत्येक छिद्रात पाण्याचा पृष्ठभाग वाटीसारखा खोलगट होतो आणि भोवतीच्या भिंतींना ओढू लागतो. छिद्र जितके बारीक तितकी ओढ जबर. दहा नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ती सुमारे १४० वातावरणांच्या दाबाइतकी भरते. इतक्या ओढीपुढे नाजूक जाळे टिकावे कसे?

किस्लर यांनी ओढणाऱ्या पृष्ठभागालाच फाटा दिला. द्रव बंद भांड्यात पुरेशा दाबाखाली तापवत नेला, की एका टोकाला द्रव आणि वाफ हा भेदच संपतो. भेद नाही तर पृष्ठभाग नाही, आणि पृष्ठभाग नाही तर ओढही नाही. मग हळूहळू दाब उतरवून तो वायू सोडून द्यायचा. पाण्यासाठी हे टोक ३७४ अंश सेल्सिअसला येते आणि इतके तापलेले पाणी सिलिकालाच विरघळवू लागते. म्हणून त्यांनी आधी पाणी काढून तिथे अल्कोहोल भरले. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत हा हस्तांतरणाचा व्यवहार झाला. इमारत तीच, भाडेकरू तेवढा बदलला.

कार्बनची पाळी बऱ्याच उशिरा आली. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील रिचर्ड पेकाला यांनी १९८९ साली रिसॉर्सिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून एरोजेल बनवल्याचे प्रसिद्ध केले. रिसॉर्सिनॉल त्वचेच्या मलमांत असते. फॉर्माल्डिहाइड म्हणजे कॉलेजात बेडूक बुडवून ठेवलेल्या बरणीतले ते झोंबणारे फॉर्मेलिन. एकास दोन रेणू या प्रमाणात दोन्ही पाण्यात घ्यायचे, सोडियम कार्बोनेटची चिमूट टाकायची आणि बंद बाटलीत काही दिवस उबेला ठेवायचे. लालसर, घट्ट जेल तयार होते. सारी गोम त्या चिमटीत आहे. ती जास्त पडली तर कण बारीक आणि छिद्रे चिमुकली. कमी पडली तर कण मोठे आणि छिद्रेही ऐसपैस. त्यानंतर पाण्याच्या जागी ॲसिटोन, ॲसिटोनच्या जागी द्रवरूप कार्बन डायऑक्साइड. याचे टोक अवघ्या ३१ अंशांवर आणि ७३ वातावरणांच्या दाबाला येते, त्यामुळे भट्टीसारखी आच लागत नाही.

राहिले ते जाळणे. जाळणे हा शब्दही चुकीचाच. आपल्याकडे लाकडे रचून, वर माती लिंपून कोळसा पाडतात, ती युक्ती इथेही आहे. हवा लागू द्यायची नाही. नायट्रोजनच्या प्रवाहात संथपणे हजारेक अंशांपर्यंत तापवत न्यायचे. वजन निम्म्याच्या आसपास उतरते, अंग थोडे आक्रसते, पण जाळे कार्बनचे होऊन उभे राहते. आता ते वीजही वाहून नेते. एका ग्रॅममध्ये ६०० चौरस मीटर पृष्ठभाग सहज निघतो. गृहकर्जाची प्रकरणे तपासण्यात हयात गेलेल्या माणसाला हा आकडा चौरस फुटांत केल्याशिवाय चैन पडत नाही. तो होतो साडेसहा हजारांच्या आसपास!

एवढी जागा आणि वर वीजवाहकता, म्हणजे विद्युतभार साठवायला उत्तम कोठारच. याच प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात अशा पत्र्यांच्या जोड्यांमधून मचूळ पाणी सोडून पाहिले गेले. एका सेलइतका किरकोळ दाब दिला की क्षाराचे कण आपापल्या पत्र्याला चिकटतात आणि पाणी गोडे होऊन पुढे जाते. वीज काढली की पत्रे क्षार सोडतात. समुद्राच्या पाण्याला हे परवडत नाही, पण विहिरीच्या मचूळ पाण्यासाठी विचार करण्याजोगे आहे. मात्र छिद्रे बुजली, तर क्षारांनी बसायचे कुठे?

खर्चाचा मुद्दा माझ्यासारख्याला सुटत नाही. उच्च दाबाची भांडी महाग आणि जोखमीची. जपानात क्योतो विद्यापीठात हाजिमे तामोन यांनी दुसरी वाट धरली. जेल गोठवायचे आणि बर्फाची थेट वाफ करायची. पण पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगते. डीप फ्रीझरमध्ये विसरलेली सोड्याची बाटली आठवा! म्हणून तिथेही भाडेकरू बदलावा लागला. पाण्याऐवजी टर्शरी ब्युटेनॉल भरले, की गोठताना ते फारसे अंग हलवत नाही.

तिसरी वाट सर्वांत स्वस्त. कण जाडसर ठेवले, छिद्रे मोठी राखली आणि जेल उबेत पुरेसे मुरू दिले, तर भिंतीच इतक्या दणकट होतात की साध्या गरम हवेत वाळवूनही त्या बऱ्याचशा तग धरतात. मात्र अगदी बारीक छिद्रांची हौस असेल, तर या वाटेने जाण्यात अर्थ नाही. तिथे किस्लर यांचे बंद भांडेच काढावे लागते.