पट्टी ओढू नका, पान पालथं करा

जुन्या नाण्यांच्या अल्बममधली प्लॅस्टिकची पट्टी अडकली की माणूस आधी तिचं टोक चिमटीत धरून ओढतो. नाही आली की नख घालतो, मग पक्कड शोधतो. पक्कड लावली की पट्टी एक तर मोडते किंवा येते. मोडली तर परवडली. आली तर नाण्यावरून घासत येते आणि वरच्या चेहऱ्याच्या गालावर बारीक समांतर रेघा सोडते, कारण गाल हाच नाण्याचा सगळ्यात उंच भाग. त्या रेघा मग कशानेही जात नाहीत. व्यापाऱ्याच्या भिंगाखाली त्या बरोबर दिसतात आणि किंमत तिथेच पडते.

रत्नागिरीत कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी नोकरी झाली. नाण्यांचा छंद मला नाही. घरातले बंदे रुपये लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतात, तेवढाच आमचा संबंध. पण ॲसिटोन कुठे मिळेल हे विचारायला कुणी ना कुणी येतं, आणि येताना अल्बम काखोटीला मारूनच येतं.

पट्टीवाले अल्बम मूळ अमेरिकेतले. विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावच्या व्हिटमन कंपनीचे त्यात विशेष प्रसिद्ध. जाड पुठ्ठ्याचं पान, त्याला नाण्याच्या मापाची भोकं, प्रत्येक भोकाखाली साल आणि टांकसाळीचं अक्षर छापलेलं, आणि प्रत्येक ओळीला पुढून एक व मागून एक पारदर्शक पट्टी. नाण्याच्या दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून ही सोय. आमच्याकडे असे अल्बम पोचतात ते तिकडे राहून आलेल्या काका-मामांच्या सामानातून. आमच्या आळीतले निवृत्त पोस्टमास्तर घेऊन आले तो लिंकनच्या सेंटचा होता. लिंकनच्या जन्मशताब्दीला, १९०९ साली सुरू झालेलं हे तांब्याचं छोटं नाणं.

अल्बम उघडताच व्हिनेगरचा वास आला. अशा जुन्या अल्बमांच्या कित्येक पट्ट्या सेल्युलोज ॲसिटेटच्या असत. सिनेमाची जुनी रिळंही याच पदार्थाची आणि त्यांचा आजारही हाच. उष्ण, दमट हवेत ॲसिटेटचं हळूहळू विघटन होतं, त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, पट्टी आकसते आणि पन्हळीसारखी वाकते. इकडे कोकणच्या पावसाळ्यात पुठ्ठा पाणी धरून फुगतो. म्हणजे पट्टी वाकडी झालेली आणि तिची खाच अरुंद झालेली. तशात ओढायला गेलात तर सगळा जोर नाण्यावर येणार.

म्हणून आधी पुठ्ठा वाळवायचा. उन्हात नाही आणि हेअर ड्रायरने तर मुळीच नाही, कारण उष्णतेने पट्टी आणखी वाकते. घट्ट झाकणाच्या मोठ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून अल्बम उघडा, उभा ठेवायचा आणि आठवडाभर विसरून जायचं. निम्म्या पट्ट्या एवढ्यानेच सैल होतात.

मग पान पालथं करायचं, म्हणजे नाण्यांची तोंडं खाली. सगळी खुबी इथे आहे. पालथ्या पानात नाणी पुढच्या पट्टीवर विसावतात आणि मागच्या, म्हणजे आता वर आलेल्या पट्टीपासून केसभर सुटतात. फक्त ही मागची पट्टी काढायची. बँकेत नोटा मोजायला रबरी टोपी असते ना, ती बोटात घालून दोन भोकांच्या मधल्या जागेवर दाबायचं आणि पट्टी कडेकडे सरकवायची. भोकावर दाबलं की पट्टी नाण्याला टेकलीच. रबरात गंधक असतो, म्हणून ती टोपी नाण्याला लावायची नाही. तरीही पट्टी हलेना तर पॉलिएस्टरची पातळ चकती तिच्या आणि पुठ्ठ्याच्या मधे सरकवून पकड सोडवता येते. मागची पट्टी निघाली की पान दोन्ही हातांनी सपाट उचलायचं, खाली घडी घातलेला पंचा ठेवायचा आणि पान सुलटं करायचं. नाणी पंच्यावर पडतात. एखादं घट्ट बसलं असेल तर पुढच्या पट्टीवरून बोटाने हलकेच खाली दाबायचं. पुढची पट्टी हलवायची वेळच येत नाही.

खोबरेल, साबण, शिवणयंत्राचं तेल, टाल्कम पावडर हे सगळे उपाय लोक करून येतात. तेल पुठ्ठा पितो आणि पुढे ते नाण्यावर उतरतं. ॲसिटोनने पट्टी सुटेल असंही कुणाला वाटतं, पण ॲसिटोन ॲसिटेटला विरघळवतो. अल्बमवर ओतलात तर पट्टीचा चिकट लगदा नाण्यावरच बसायचा.

काहीच जमलं नाही तर मी सरळ पेपर कटर घेते आणि पुठ्ठा कडेने, नाण्यापासून दूर कापते. लोकांचा जीव अल्बमवर असतो हे मला कळतं, पण रिकामा अल्बम दुसरा मिळू शकतो. कापण्याआधी पानाचा फोटो मात्र काढावा. मोबाइल आता सगळ्यांकडे असतो.

पोस्टमास्तरांच्या अल्बममध्ये १९४३ च्या भोकाला मी शेवटी हात घातला. युद्धात तांबं वाचवायला त्या साली अमेरिकेने सेंट पोलादाचे काढले, वर जस्ताचा मुलामा देऊन. जस्ताला ॲसिटिक आम्ल सोसत नाही आणि मुलामा गेला की पोलादाला गंज. ते नाणं गंजासकट पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं. भोकाभोवतीचा पुठ्ठा कापून काढला, नाणं सुटलं, पण त्याची कड खाल्लेली ती खाल्लेलीच. बाकीच्या काही तांब्याच्या नाण्यांना कडेने जांभळट-निळी झाक होती. ती पुठ्ठ्यातल्या गंधकाची करामत. पोस्टमास्तर म्हणाले, “बाई, चिंचेने जाईल का हो?” मी हात जोडले. त्या रंगाला तिकडचे हौशी लोक जास्त पैसे मोजतात. चिंच, लिंबू, पितांबरी देव्हाऱ्यातल्या भांड्यांना ठीक, संग्रहातल्या नाण्याला नाही.

इथल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या अल्बमांचं दुखणं वेगळं. त्यांची मऊ पारदर्शक पानं बहुधा पीव्हीसीची असतात. नव्या रेनकोटसारखा वास आला की समजायचं. खात्री हवी तर तांब्याची तार लाल तापवा, पानाच्या तुकड्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे. हा प्रयोग मोकळ्या हवेत करा, धूर वाईट असतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून घातलेले तेलकट पदार्थ काही वर्षांनी बाहेर झिरपतात आणि प्लॅस्टिकमधून सुटणारं हायड्रोक्लोरिक आम्ल तांब्याशी जुळून हिरवा चिकट थर तयार होतो. शिवराई, भोकाचा पैसा, १९५७ चा नया पैसा ही तांब्याची किंवा ब्राँझची मंडळी आधी बळी पडतात. चांदीचे रुपयेही सुटत नाहीत, कारण त्यांत तांब्याचा भाग असतोच.

इथे कप्पा कात्रीने उघडायचा आणि नाणं काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवायचं. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि अत्तर असतं. खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवाजवळचा दिवाही बंद. वाफ चटकन पेट घेते. चिकट थर विरघळला की नव्या ॲसिटोनमध्ये एकदा खंगाळून नाणं तसंच वाळू द्यायचं. पुसायचं नाही. ॲसिटोन धातूला काही करत नाही, म्हणून नाण्याची जुनी झाकही जात नाही. हिरव्याने खड्डा पाडला असेल तर तो राहणार.

नंतर ठेवायला पॉलिएस्टरची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे होल्डर घ्या आणि ते सिलिका जेलसह डब्यात ठेवा. होल्डरला स्टेपलरच्या पिना मारल्या की त्या पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या होल्डरच्या खिडकीला भोक पडून आतल्या नाण्यावर ओरखडा उठतो. पक्कडीचं एवढंच काम.