झोपेचाही हिशेब ठेवा

दरवर्षी एप्रिल महिन्यात आमच्या वसाहतीतील विहारात सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. सकाळी सहाला मुले पुस्तके घेऊन बसतात ती रात्री बाराला उठतात. उपक्रम चांगला आहे. आम्ही अनेक वर्षे त्याचे संयोजन केले आहे आणि पुढेही करू. परंतु त्या निमित्ताने आम्ही जे भाषण ठोकीत आलो, त्याबद्दल आज लिहिणे भाग आहे. "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, आणि तुम्हाला झोप आवरत नाही!" हे आमचे ठरलेले वाक्य. टाळ्याही हमखास पडत.

दोन वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकायला एक तरुण समोर बसला होता. भिवंडीकडच्या एका गोदामात तो सुरक्षारक्षक आहे. ड्युटी रात्री आठ ते सकाळी आठ. घरी येऊन आंघोळ, जेवण, मग स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. दुपारी चारेक तास झोप, की पुन्हा निघाला. भाषण ऐकून त्याने त्या चार तासांचेही अडीच केले. महिन्याभराने सकाळी घरी परतताना मोटारसायकलवर त्याचा डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर गेली. खांद्याच्या हाडावर निभावले. बघायला आलेली मंडळी रस्त्याला नावे ठेवीत होती. तो म्हणाला, "काका, रस्ता चांगला होता. मीच झोपलो होतो."

आम्ही काय बोलणार?

घरी येऊन धनंजय कीर यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा काढले. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे बिऱ्हाड. तेथे लहान भीम संध्याकाळी लवकर झोपत असे आणि रात्री दोन वाजता सुभेदार रामजी त्याला उठवून अभ्यासाला बसवीत. म्हणजे दोनला उठण्याआधी मुलाची झोप झालेली असे, आणि ती होऊ देण्यासाठी बाप जागा राहत असे. दोनला उठण्याची गोष्ट आम्ही शंभर वेळा सांगितली. लवकर निजण्याची एकदाही नाही. उत्तरायुष्यात बाबासाहेबांना प्रकृतीने किती छळले हेही आपण जाणतो. पण त्यातून काही शिकायचे असते हे भाषणाच्या भरात लक्षात येत नाही.

आता थोडे शास्त्राकडे वळू. प्रौढ माणसाने रोज किमान ७ तास झोपावे, असे २०१५ साली अमेरिकेतील निद्राविषयक वैद्यकीय संस्थांनी सर्व अभ्यास तपासून एकमताने सांगितले. सतत त्याहून कमी झोपणाऱ्यांत रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, वजनवाढ, उदासपणा यांचे प्रमाण जास्त आढळते. आपल्या वस्त्यांत चाळिशीत साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झालेली माणसे घरोघरी आहेत, तेव्हा हा विषय केवळ बंगल्यात राहणाऱ्यांचा नव्हे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले की सलग १७ तास जागा असलेला माणूस १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतका मंदावतो. आपल्या मोटार वाहन कायद्यात ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. पंचशीलातील पाचवे शील कटाक्षाने पाळणारा आपला बांधव झोपेविना गाडीवर बसतो, तेव्हा त्याची काय अवस्था असते याचा विचार करावा.

"रात्रीची झोप दिवसा भरून काढू" हे म्हणणे सोपे आहे. शरीरात एक घड्याळ असते आणि ते उजेडावर चालते. (त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले.) सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की ते घड्याळ सांगते, दिवस उजाडला, उठ. रात्रपाळीचा माणूस नेमका त्याच उन्हातून घरी येतो, आणि एका खोलीच्या घरात कुकर, टीव्ही, फेरीवाले, शाळेतून आलेली मुले यांत झोपू पाहतो. अशा वेळी त्याला "निर्धार कर" म्हणून काय उपयोग? त्याची झोप साऱ्या घराने मिळून सांभाळावी लागते.

त्या तरुणाच्या आईने ते करून दाखवले. खिडकीला जुनी काळी घोंगडी लावली. घंटा बंद केली आणि दाराला पाटी अडकवली, 'रात्रपाळीचा माणूस झोपला आहे, हाक मारू नये.' शिकवणीला येणारी पोरे दुपारी विहारात बसू लागली. त्याचा फोन बहिणीकडे. तो आता गाडी सोडून बसने येतो, येताना टोपी आणि काळा चष्मा घालतो, थोडे खाऊन साडेनऊला झोपतो आणि साडेतीनला उठतो. कामावर निघण्यापूर्वी आणखी एक डुलकी. अभ्यासाला रोज दीडच तास मिळतो. पहिला महिना त्याला अपराधी वाटत असे. हल्ली म्हणतो, पूर्वी चार तासांत जेवढे डोक्यात शिरत नव्हते तेवढे आता शिरते. सुटीच्या दिवशी मात्र मित्रांबरोबर त्याचे सारे बिघडते, ते अजून सुधारलेले नाही.

दिवसपाळीवाल्यांचे दुखणे निराळे. आम्ही बदलापूरहून मुंबईला कारकुनी करणारे. लोकलमध्ये मान टाकून घेतलेली झोप आम्ही वर्षानुवर्षे जमेला धरीत होतो. पण स्टेशनागणिक मोडणारी ती झोप पूर्ण झोपेच्या जागी चालत नाही. पुढे लेजरमध्ये एकच रक्कम दोनदा टाकली, साहेबांनी बोलावून दाखवली, तेव्हा हिशेब मांडला. रोज दीड तासाची तूट, आठवड्याची झाली साडेदहा तास, आणि रविवारी दुपारी तीन तास घोरून ती फिटेल अशी आशा! मग एकच नियम केला: उठण्याची वेळ सुटीच्या दिवशीही तीच, आणि निजण्याची अर्ध्या अर्ध्या तासाने अलीकडे. संध्याकाळी चारनंतर चहा बंद. चहाकॉफीतील उत्तेजक द्रव्याचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो, म्हणून सातच्या टपरीवरचा कटिंग रात्री बाराला त्रास देतो. मोबाईल निजण्याच्या जागेपासून लांब, टीव्हीजवळ ठेवतो. काहीजण झोपेसाठी 'थोडी' घेतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. झोपेच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नयेत.

घोरण्यावर घरात विनोद होतात. पण मोठ्याने घोरणारा माणूस मध्येच श्वास अडकून दचकत असेल आणि दिवसा बसल्या जागी पेंगत असेल, तर त्याला डॉक्टरांकडे नेलेच पाहिजे. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

घरातील भगिनींबद्दल न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाणी पहाटे साडेचारला येते आणि ते भरायला तीच उठते. मग डबे, मग तिची स्वतःची नोकरी, आणि रात्री शेवटचे भांडे घासून झाल्यावर अंथरूण. स्त्रीमुक्तीवर आम्ही बोललेलो आहोत, परंतु भांड्यांना हात लावला तो गेल्या वर्षी. पहिल्या आठवड्यात दोन कप फुटले. सौभाग्यवती आता साडेदहाला निजते. एवढ्याने पाळी संपलेली नाही, पाणी अजून तीच भरते.

शेवटी आवाजाचे. १९४६ साली मजूर खाते बाबासाहेबांकडे असताना मांडलेल्या दुरुस्तीने कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. विश्रांती हा कामगाराचा हक्क आहे हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने झोप ही घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्कात धरली. २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. पण दुपारी झोपणाऱ्या रात्रपाळीवाल्याचे काय? त्याच्या खिडकीखाली कर्णा लावणाऱ्या मंडळांत आमचेही मंडळ होते, हे कबूल केले पाहिजे. आता आमचा कर्णा संध्याकाळी पाचपूर्वी लागत नाही. त्यावरून दोन सभासद रुसलेले आहेत.

कार्यकारिणीची सभाही पूर्वी रात्री साडेनऊला सुरू होऊन बाराला संपे. ती आम्ही रविवारी सकाळी दहाला घेण्याचे ठरवले, तेव्हा तोच तरुण उभा राहिला. म्हणाला, "काका, दहाला तर माझी मध्यरात्र असते." सभा आता रविवारी संध्याकाळी साडेपाचला भरते.